रोहिणखेडचे श्रीपती, जैन गणित आणि अनिश्चिततेचा हिशेब

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे गाव आज तेथील जुन्या मशिदीमुळे आणि बहमनी व निजामशाही काळातील लढायांमुळे इतिहासाच्या पुस्तकांत आढळते. परंतु या गावाची त्याहूनही कित्येक शतके जुनी अशी एक ओळख आहे आणि ती तलवारीची नसून आकड्यांची आहे. इसवी सनाच्या अकराव्या शतकात श्रीपती नावाचे थोर गणिती व ज्योतिर्विद होऊन गेले. आपला ‘ध्रुवमानस’ हा ग्रंथ त्यांनी शके ९७८ मध्ये, म्हणजे इ. स. १०५६ च्या सुमारास, रोहिणीखंड येथे रचला. हे रोहिणीखंड म्हणजेच आपले रोहिणखेड असे अभ्यासक मानतात. ‘लीलावती’कार भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ चा. म्हणजे भास्कराचार्यांच्या आधी सुमारे एक शतक आपल्या या भूमीत गणिताची उच्च उपासना चालू होती. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या मराठी इतिहासात श्रीपतींची दखल घेतली आहे. तरीही जिल्ह्यातील शाळकरी मुलांना हे नाव क्वचितच ठाऊक असते, ही खेदाची बाब होय.

श्रीपतींची ग्रंथसंपदा विपुल आहे. ‘धीकोटिदकरण’ हा ग्रहणगणिताचा लहानसा ग्रंथ, ज्याची गणना शके ९६१ पासून सुरू होते. ‘सिद्धांतशेखर’ हा खगोलगणिताचा मोठा ग्रंथ. ‘गणिततिलक’ हा अंकगणिताचा. ‘जातकपद्धती’ आणि ‘ज्योतिषरत्नमाला’ हे फलज्योतिष व मुहूर्त या विषयांवरील. या ‘ज्योतिषरत्नमाले’वर खुद्द श्रीपतींच्या नावाने एक मराठी टीकाही उपलब्ध आहे. ती खरोखर अकराव्या शतकातील आहे की तिची भाषा नंतरची आहे, याविषयी विद्वानांत एकमत नाही. पण मराठी गद्याच्या अगदी आरंभीच्या लेखनात तिचे नाव घेतले जाते, ही गोष्ट वऱ्हाडाला अभिमानास्पद आहे.

एकाच लेखणीतून उतरलेल्या या ग्रंथांकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहिले, तर उद्या काय होणार हे ठाऊक नसताना माणसाने आज निर्णय कसा घ्यावा, या सनातन प्रश्नाची दोन उत्तरे त्यांत दिसतात. मुहूर्तग्रंथ सांगतो, योग्य वेळ निवडा. पेरणी, प्रवास, विवाह, गृहप्रवेश यांसाठी काळ शुभ असेल तर संकट टळेल. अंकगणिताचा ग्रंथ अशी हमी देत नाही. तो म्हणतो, वेळ कोणतीही असो, देणे किती आणि घेणे किती याचा हिशेब आधी मांडा. लोकांना पहिले उत्तर अधिक भावले, यात नवल नाही. मुहूर्तग्रंथाला मराठी टीका लाभली, ‘गणिततिलक’ मात्र अपूर्ण अवस्थेतच आपल्यापर्यंत पोहोचले.

पहिल्या उत्तराचे बळ आपल्या जिल्ह्यात आजही डोळ्यांनी पाहता येते. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. अठरा धान्ये वर्तुळाकार मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर आणि खाद्यपदार्थ ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या स्थितीवरून पाऊस, पिके आणि बाजारभाव यांचे भाकीत सांगितले जाते. ही परंपरा तीन शतकांहून जुनी असल्याचे सांगतात. ते ऐकायला दूरदूरचे शेतकरी येतात. शास्त्रीय कसोटीवर या भाकितांना आधार नाही, असे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते सातत्याने सांगत आले आहेत आणि ते योग्यच आहे. परंतु कोरडवाहू शेतकरी त्या पहाटेची वाट का पाहतो, हेही समजून घेतले पाहिजे. त्याचे सारे बियाणे एका पावसावर लागलेले असते. तीच अक्षय्य तृतीया जैन समाजात भगवान ऋषभदेवांच्या दीर्घ उपवासानंतरच्या पारण्याची, श्रेयांसकुमाराने दिलेल्या इक्षुरसाची तिथी म्हणून पाळली जाते. एकाच तिथीला जिल्ह्याच्या एका टोकाला पुढील वर्षाचा अंदाज घेतला जातो आणि आपल्या मंदिरांत मागील वर्षाच्या तपाची सांगता होते.

आता दुसऱ्या उत्तराकडे वळू. ‘गणिततिलक’ टिकले ते एका जैन मुनींमुळे, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. तेराव्या शतकात विबुधचंद्रसूरींचे शिष्य सिंहतिलकसूरी यांनी या ग्रंथावर संस्कृत टीका लिहिली. नियम सांगायचा, उदाहरण घ्यायचे, आकडे मांडायचे आणि उत्तरापर्यंत पायरी पायरीने जायचे, अशी तिची पद्धत आहे. पंतोजी समोर बसून शिकवीत आहेत असे ती वाचताना वाटते. श्रीपती जैन नव्हते. परंतु विद्या कोणाची हे न पाहता विद्या किती उपयोगी हे पाहणारी दृष्टी सिंहतिलकसूरींपाशी होती. अर्थात, ते केवळ गणितातच रमले असे नव्हे. ‘भुवनदीपक’ या फलज्योतिषाच्या ग्रंथावरही त्यांची टीका आहे आणि मंत्रशास्त्रावरही त्यांनी लिहिले. त्या काळच्या विद्वानाच्या मनात ही दोन्ही दालने शेजारी-शेजारी होती. पुढे प्रा. हिरालाल रसिकदास कापडिया या गणिताच्या जैन प्राध्यापकांनी मूळ ग्रंथ व टीका संपादित करून १९३७ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध केली. २०१९ मध्ये अलेस्सांद्रा पेत्रोक्की यांनी तिचा इंग्रजी अनुवाद व अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे रोहिणखेडच्या पंडिताचे अंकगणित जगापुढे आले ते एका सूरींच्या आणि एका श्रावक प्राध्यापकाच्या हातांवरून.

या ग्रंथात बेरीज-वजाबाकीपासून घनमूळापर्यंतची परिकर्मे, अपूर्णांकांचे प्रकार, त्रैराशिक-पंचराशिक, वस्तुविनिमय असे विषय आहेत आणि नंतर व्याजाचे व्यवहार येतात. त्यांतील एक प्रकरण ‘भाव्यक’ व्यवहाराचे आहे. भाव्यक म्हणजे कर्जाला जामीन राहणाऱ्याचा मोबदला, असा अर्थ अभ्यासक लावतात. श्रीपतींच्या आधीचे गणिती श्रीधर यांचे याच विषयावरील एक उदाहरण प्रसिद्ध आहे. शंभरावर दरमहा व्याज ५, जामीनदाराचा भाग १, हिशेब करणाऱ्याचा अर्धा आणि लिहिणाऱ्याचा पाव. वर्षअखेर मुद्दल धरून एकूण रक्कम ९०५ झाली, तर प्रत्येकाचे किती? उत्तर सरळ आहे. मुद्दल ५००, व्याज ३००, जामीनदाराचे ६०, गणकाचे ३०, लेखकाचे १५.

शाळकरी वाटणाऱ्या या गणितात केवढी मोठी गोष्ट दडली आहे! गणकाने आणि लेखकाने काम केले, त्याची मजुरी त्यांना मिळाली. जामीनदाराने तर काहीच केलेले नाही. कर्ज बुडाले तर आपण देऊ, एवढा शब्द त्याने दिला. त्या शब्दाची किंमत ६०. जे घडले नाही पण घडू शकले असते, त्याचा भार उचलण्याचा हा मोबदला आहे आणि तो गणितात स्वतंत्र रकान्यात लिहिला गेला आहे. हीच जाणीव त्याहून जुन्या अर्थशास्त्रातही होती. कौटिल्याने दरमहा शंभरावर सव्वा पण हे धर्म्य व्याज सांगितले आणि व्यापाऱ्यांसाठी पाच, रानावनांतून माल नेणाऱ्यांसाठी दहा, समुद्रावर जाणाऱ्यांसाठी वीस असे चढते दर दिले. वाट जितकी धोक्याची, तितके व्याज अधिक. दर अनुभवाने ठरले असतील, पण दर ठरवावा लागतो हा विचार पक्का होता.

या विचाराचा सर्वांत तल्लख आविष्कार पाहायचा असेल, तर श्रीपतींच्या मागे आणखी दोन शतके जावे लागते. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, दिगंबर परंपरेतील महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. वऱ्हाडही त्या काळी राष्ट्रकूटांच्याच प्रभावक्षेत्रात होते. ग्रंथाच्या आरंभी आचार्यांनी भगवान महावीरांना वंदन केले आहे आणि लौकिक, वैदिक व धार्मिक अशा कोणत्याही व्यवहारात गणितावाचून भागत नाही, या आशयाचे गणितस्तवन केले आहे. मद्रासहून १९१२ साली एम. रंगाचार्य यांनी हा ग्रंथ इंग्रजी अनुवादासह प्रकाशित केला, तर सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने १९६३ साली प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह काढला.

या ग्रंथाच्या मिश्रकव्यवहार प्रकरणात कोंबड्यांच्या झुंजीचे एक उदाहरण आहे. मंत्र व औषधी जाणणारा एक चतुर पुरुष झुंज चाललेली पाहतो. तो दोन्ही कोंबड्यांच्या मालकांना वेगवेगळे गाठून कानात बोलतो. पहिल्याला म्हणतो, तुझा कोंबडा जिंकला तर पणाची रक्कम मला दे, हरला तर त्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग मी तुला देईन. दुसऱ्यालाही तसेच सांगतो, फक्त हरल्यास तीन-चतुर्थांश देण्याचे कबूल करतो. कोणीही जिंको, त्या पुरुषाला नेमका १२ सुवर्णनाण्यांचा लाभ व्हावा. तर दोघांचे पण किती?

उत्तर ४२ आणि ४०. ताळा करून पाहावा. पहिला जिंकला, तर त्याच्याकडून ४२ मिळाले, दुसऱ्याला ४० चे तीन-चतुर्थांश म्हणजे ३० दिले, हाती १२ उरले. दुसरा जिंकला, तर ४० मिळाले, पहिल्याला ४२ चे दोन-तृतीयांश म्हणजे २८ दिले, हाती पुन्हा १२. कोंबडे झुंजत राहिले आणि त्या पुरुषासाठी झुंजीत अनिश्चित असे काही उरलेच नाही.

या उदाहरणाकडे केवळ गंमत म्हणून पाहू नये. आजच्या शेअर बाजारात ज्याला हेजिंग किंवा आर्बिट्राज म्हणतात, त्याचे हे बीज आहे. बारकाईने पाहिले तर त्यात विमाही आहे, कारण हरणाऱ्या मालकाच्या नुकसानीचा मोठा भाग भरून निघतो आणि जिंकणारा त्याची किंमत मोजतो. विशेष असे की त्या पुरुषापाशी मंत्र आणि औषधी असतानाही आचार्यांनी त्याला त्यांचा उपयोग करू दिला नाही. कोणता कोंबडा जिंकेल हे तो ओळखत बसत नाही. ते न ओळखताच काम कसे भागेल, हे तो पाहतो. पशूंची झुंज लावणे आणि पण लावणे ही दोन्ही कृत्ये श्रावकाला वर्ज्य आहेत. सप्तव्यसनांची यादी द्यूतापासूनच सुरू होते. मग एका दिगंबर आचार्याने असे उदाहरण का घ्यावे, असा प्रश्न भाविकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण गणिताचे पुस्तक व्यवहारातल्या माणसांसाठी होते आणि ज्याला झुंजीचे गणित कळले, त्याला पण लावणाऱ्यांपैकी खात्रीने कमावणारा कोण, हेही कळले असेल.

शक्यतांना घाबरण्याऐवजी त्या मोजून काढण्याची ही सवय जैन आगमांइतकी जुनी आहे. ‘स्थानांगसूत्रा’त गणिताचे दहा विषय सांगितले आहेत. त्यांत परिकर्म, व्यवहार, राशी, वर्ग, घन यांच्याबरोबर ‘विकल्प’ हा विषय येतो आणि अभ्यासक त्याचा अर्थ क्रमचय-संचय असा लावतात. ‘भगवतीसूत्रा’त अनेक पदार्थांतून एक-एक, दोन-दोन, तीन-तीन घेऊन किती प्रकार होतील, याची मोजणी आहे. महावीराचार्यांनी त्यासाठी सर्वसाधारण नियमच दिला आणि उदाहरण म्हणून तुरट, कडू, आंबट, तिखट, खारट, गोड या सहा रसांचे किती संयोग होतील, असे विचारले. एकेका रसाचे ६, दोन-दोनांचे १५, तीन-तीनांचे २०, चार-चारांचे १५, पाच-पाचांचे ६ आणि सर्व मिळून १. एकंदर ६३.

हीच रीत तत्त्वज्ञानात आणली की सप्तभंगी उभी राहते. स्यात् अस्ति, स्यात् नास्ति, स्यात् अवक्तव्य हे मूळ तीन भंग. त्यांचे दोन-दोनांचे संयोग तीन, तिन्हींचा एक. एकूण सात, आठवा संभवत नाही. सहा रसांचे ६३ आणि तीन भंगांचे ७ ही एकाच नियमाची दोन फळे आहेत. सप्तभंगीला कोणी संशयवाद म्हणतो तेव्हा हा हिशेब त्याच्यापुढे ठेवावा. संशयी माणूस पर्याय मोजत नाही, तो मोजायचे सोडून देतो. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे. ‘स्यात्’ म्हणजे ‘एका विशिष्ट अपेक्षेने’. केवलज्ञानी पुरुषाला सर्व द्रव्ये व त्यांचे सर्व पर्याय युगपत् दिसतात. छद्मस्थाचे, म्हणजे आपणासारख्यांचे, ज्ञान मर्यादित. अनिश्चितता उद्भवते ती या मर्यादेतून. म्हणून बोलताना अपेक्षा सांगावी, निर्णय घेताना मर्यादा ओळखावी, अशी ही शिकवण आहे.

या संख्याविचाराचा एक फार मोठा ठेवा विसाव्या शतकात आपल्या वऱ्हाडातूनच प्रकाशात आला. मूडबिद्रीच्या भांडारात शतकानुशतके जपलेल्या ‘षट्खंडागमा’चे, आचार्य वीरसेनांच्या ‘धवला’ टीकेसह, संपादन डॉ. हीरालाल जैन यांनी केले. ते त्या वेळी अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात प्राध्यापक होते. पहिला खंड १९३९ साली अमरावतीहून निघाला आणि सोळावा १९५८ साली पूर्ण झाला. १९४२ सालच्या चौथ्या खंडात लखनौ विद्यापीठाचे गणितज्ञ डॉ. अवधेश नारायण सिंह यांचा ‘धवले’तील गणितावरचा निबंध छापला गेला. त्यामुळे संख्यात, असंख्यात व अनंत यांची भेदरचना तसेच ‘अर्धच्छेद’ ही संकल्पना गणिताच्या इतिहासकारांपुढे आली. एखादी संख्या एक उरेपर्यंत किती वेळा निम्मी करता येते, ते तिचे अर्धच्छेद. आठाचे तीन, सोळाचे चार. आजच्या भाषेत हा दोन या पायावरचा लॉगॅरिथम होय. हे सारे नवव्या शतकातले.

येथे मात्र एक सावधगिरी बाळगली पाहिजे. संभाव्यताशास्त्र जैनांनीच शोधून काढले, असे विधान व्याख्यानांत पुष्कळदा ऐकू येते. त्याला आधार म्हणून दोन नावे सांगितली जातात आणि ती नावे खरीच मोठी आहेत. भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ साली सांख्यिकीच्या तात्त्विक पायाविषयी लिहिलेल्या निबंधात स्याद्वादाची सविस्तर चर्चा केली. ‘अवक्तव्य’ या भंगात त्यांना संभाव्यतेच्या कल्पनेचे तार्किक अधिष्ठान दिसले. उडवलेल्या नाण्यावर छापा पडेल, काटा पडेल, पण पडण्यापूर्वी त्याविषयी निश्चित विधान करता येत नाही, तरी दोन्ही शक्यता त्या एका नाण्यातच आहेत, असा तो विचार. विख्यात जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन १९५७ साली भारतात आले आणि त्याच वर्षी ‘संख्या’ या नियतकालिकात त्यांनीही सप्तभंगीवर स्वतंत्र निबंध लिहिला. दोघेही जन्माने जैन नव्हते, हे त्यांच्या साक्षीचे मोल वाढवणारे आहे.

परंतु त्यांनी आधुनिक शास्त्राला अनुरूप असे तत्त्वज्ञान जैन परंपरेत पाहिले. ते शास्त्र तेथे तयार होते, असा याचा अर्थ नाही. शक्यता सात आहेत असे म्हणणे निराळे आणि त्यांतील अमुक शक्यता शंभरात तीस आहे असे म्हणणे निराळे. हे दुसरे पाऊल आपल्या उपलब्ध प्राचीन ग्रंथांत नाही. ते फ्रान्समध्ये १६५४ साली पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारात पडले. निमित्त होते अर्ध्यावर थांबलेल्या जुगाराच्या डावातील पैशांची न्याय्य वाटणी. महावीराचार्यांचा चतुर पुरुष आणि पास्कल यांच्यात फरक इतकाच, पण मूलभूत आहे. पास्कलने जिंकण्याची शक्यता किती हे काढले. महावीराचार्यांनी असा व्यवहार रचला की ती काढण्याची गरजच पडू नये. आपल्या पूर्वजांनी जे केले नाही ते त्यांच्या नावावर लिहिल्याने त्यांनी जे केले ते मात्र झाकले जाते.

त्या दिशेने एक अंधूक पाऊल विदर्भाच्या वाटेवर पडलेले दिसते, ते नलकथेत. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून राजा ऋतुपर्ण कुंडिनपुराकडे निघतो. वाटेत बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्यावरील पाने व फळे किती, हे तो क्षणात सांगतो. सारथ्याच्या वेषातील नल ती मोजून पाहतो आणि त्या विद्येच्या बदल्यात आपली अश्वविद्या देतो. ऋतुपर्णाला अक्षविद्या आणि संख्याविद्या दोन्ही येत होत्या, असे महाभारतकार एका दमात सांगतात. बेहड्याची फळेच तेव्हा फाशांसारखी वापरीत. थोडे पाहून सर्वांचा अंदाज बांधणे आणि फाशांचे मर्म जाणणे यांचा संबंध कथाकाराला जाणवला होता, याकडे इयान हॅकिंग यांनी १९७५ साली आपल्या संभाव्यतेच्या इतिहासात लक्ष वेधले. नल-दवदंतीची ही कथा जैन साहित्यातही आहे. हेमचंद्राचार्यांनी ती ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरिता’त घेतली. दोन्हीकडे नल राज्य गमावतो ते द्यूतातच.

प्रत्यक्ष जीवनातील जोखमीला जैन आचारशास्त्राने जे उत्तर दिले, तेही पाहिले तर अंकांचेच आहे. परिग्रह-परिमाण या अणुव्रतात श्रावक आपल्या धन, धान्य, भूमी, सुवर्ण यांची कमाल मर्यादा स्वतः आकड्यांत ठरवतो. दिग्व्रतात कोणत्या दिशेला किती अंतरापर्यंत व्यवहार करायचा, हे ठरवतो. ‘परिमाण’ म्हणजे माप. त्यागाची ही व्रते आत्म्याच्या कल्याणासाठी आहेत, व्यापाराच्या युक्त्या म्हणून नव्हेत, हे खरेच. तथापि नुकसानीची शक्यता मोजता येत नसेल, तर निदान आपण किती पणाला लावायचे हे मोजता येते, ही दृष्टी त्यांत आहे.

तिची कसोटी वऱ्हाडच्या कापसाने पाहिली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेना आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाडातून रेल्वे पुढे सरकत १८६७ साली नागपूरला पोहोचली. १८७० साली जलंब-खामगाव फाटा सुरू झाला तेव्हा गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो स्वतः खामगावी आले होते. त्या तेजीचा पैसा मुंबईत समभागांच्या सट्ट्यात ओतला गेला. बॅकबे कंपनीच्या ५,००० रुपये भरलेल्या शेअरवर ५०,००० रुपयांपर्यंत अधिमूल्य चढले. युद्ध संपताच १८६५ मध्ये सारे कोसळले. या बाजाराचे अनभिषिक्त राजे मानले गेलेले प्रेमचंद रायचंद हे जैन होते. त्यांचीही प्रचंड संपत्ती गेली. तेजीच्या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून मातोश्रींच्या नावे राजाबाई टॉवर उभा राहिला आणि १८७८ साली पूर्ण झाला. जे दिले ते उरले, जे पणाला लावले ते गेले, असे वयस्कर श्रावक म्हणतात ते या प्रसंगाला अक्षरशः लागू पडते.

शेतकऱ्याला मात्र तेजीपेक्षा रोजचा बाजारच अधिक जाचत होता. काट्यात खोट, भावात लपवाछपवी, दलाली-हमाली-धर्मादाय यांची मनमानी कपात. गाडी भरून निघताना हाती किती पडणार, हे त्याला सांगता येत नसे. आजच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा, जेथील जैन हस्तलिखित भांडारे प्रसिद्ध आहेत, तेथील कापूस बाजार १८८६ साली सरकारी नियमनाखाली आला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. या क्षेत्रातील हा देशातील आद्य कायदा समजला जातो. बाजार समित्या आल्या, दलाल आणि मापाड्यांना परवाने घ्यावे लागले, बाजारातील आकारणीला नियम लागले. पाऊस किती पडेल, लिव्हरपूलचा भाव काय निघेल, हे कायद्याला ठरवता येणार नव्हते. दलालाचे किती, मापाड्याचे किती, हे मात्र श्रीधरांच्या त्या उदाहरणातील गणकाच्या अर्ध्या आणि लेखकाच्या पाव भागाप्रमाणे आधीच लिहिले जाऊ लागले.